तीन ओळींचा लोचा

शुक्रवारची संध्याकाळ, सात वाजून दहा मिनिटं. हिंजवडीतल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर मी हेल्मेट मांडीत घेऊन बसले होते. खाली पार्किंगमध्ये गँग खोळंबलेली. दर दोन मिनिटांनी फोन थरथरत होता, ‘कुठे मेलीस?’ अजून दहा मिनिटांत निघाले नाही तर भूमकर चौकात काय होतं, हे हिंजवडीत नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

आणि स्क्रीनवर एक लाल नागमोडी रेघ.

गंमत म्हणजे प्रोग्रॅम अगदी व्यवस्थित चालत होता. ब्राउझरमध्ये पान झक्कास दिसत होतं. बटणं निळी, साधे आकडे काळे, धोक्याचे आकडे लाल. फक्त टाइपस्क्रिप्ट ऐकायला तयार नव्हतं. म्हणे, ही सीएसएसची फाईल मला सापडत नाही. अरे, समोर ढळढळीत आहे की फाईल! मी ती उघडली, बंद केली, नाव तपासलं. रेघ जागची हलेना. मग असल्या वेळी कुणीही करतं तेच मी केलं. तीन ओळी शोधल्या, एका फाईलमध्ये चिकटवल्या, रेघ गेली, बिल्ड हिरवा झाला, मी लिफ्टकडे पळाले.

आता तुमच्यातले जे बँकेत, जाहिरातीत नाहीतर एचआरमध्ये आहेत, त्यांनी प्लीज पान उलटू नका. तुमच्याही ऑफिसात हा लोचा आहे. नाव वेगळं असेल, इतकंच.

तर फंडा असा. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात, नेटस्केपमध्ये असताना, दहा दिवसांत उभी केली. भाषा गुणी, पण स्वभावाने फारच पोटात घालणारी. पंगतीत केलेलीच नाही अशी भाजी मागा, ती ‘नाहीये’ म्हणणार नाही. रिकामी वाटी आणून ठेवेल आणि पुढच्या पानाकडे जाईल. त्या रिकाम्या वाटीचं नाव ‘अनडिफाइन्ड’. छोट्या कामात हे चालून जातं. हजार फाईलींच्या कामात मात्र कुठल्या पानावर रिकामी वाटी गेली, हे शोधता शोधता रात्र होते.

म्हणून टाइप चेकर आले. मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये टाइपस्क्रिप्ट आणलं. त्यामागचे अँडर्स हेल्सबर्ग म्हणजे ज्यांनी आधी टर्बो पास्कल आणि सी शार्प घडवलं तेच. पाठोपाठ २०१४मध्ये फेसबुकने फ्लो आणलं. दोघांचं काम एकच. प्रोग्रॅम चालण्याआधी तो वाचायचा आणि ‘बाई, ही भाजी केलेलीच नाही’ असं ओरडायचं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनच म्हणा ना. कुणाकडे? कितवा मजला? नाव सांगा. वैताग येतो, पण त्याच्यामुळे आपण निवांत झोपतो.

सीएसएसची गोष्ट वेगळी. पान कसं दिसावं, हे सांगणारी ही भाषा होकोन व्हियुम ली यांनी १९९४मध्ये सर्नमध्ये असताना सुचवली, म्हणजे जावास्क्रिप्टच्याही आधी. या दोघी कितीतरी वर्षं एकाच चाळीत वेगवेगळ्या खोल्यांत राहिल्या. जावास्क्रिप्टने नुसतं नाव पुकारायचं, ‘याला डेंजर हा क्लास लाव’, आणि सीएसएसमध्ये त्या नावापुढे लाल लिहिलेलं असलं तर लाल व्हायचं. नाव चुकलं तर काहीच व्हायचं नाही. भांडण नाही, तंटा नाही.

मग वेबपॅकसारखे बंडलर आले आणि आम्ही लोक सीएसएसची फाईल चक्क जावास्क्रिप्टमध्ये इम्पोर्ट करायला लागलो. २०१५च्या सुमाराला सीएसएस मॉड्यूल्स आले. त्यांचा फंडा सॉल्लिड आहे. तुम्ही फाईलमध्ये ‘डेंजर’ लिहा, मी लिहीन, तिसरा लिहील. बंडलर प्रत्येकाच्या डेंजरला शेपूट लावून वेगळं, विचित्र नाव देतो, म्हणजे टक्कर होत नाही. आणि जावास्क्रिप्टच्या हातात एक छोटी यादी ठेवतो. तुमचं ‘डेंजर’ म्हणजे खरं अमुकतमुक. म्हणजे आता ती फाईल नुसती रंगांची राहिली नाही, तिच्यात नावांची यादी आहे, आणि नाव आलं की चूकही आली.

घोळ इथेच आहे. ही यादी बनवतो बंडलर, आणि टाइप चेकर बंडलरशी बोलतच नाही. तो स्वतंत्रपणे फाईली वाचतो, त्याला सीएसएस वाचता येत नाही, म्हणून तो म्हणतो ‘सापडत नाही’. त्याचं बरोबरच आहे हो. त्याच्या रजिस्टरमध्ये अशा फ्लॅटची नोंदच नाही.

आता त्या तीन ओळींत काय होतं ते सांगते. ‘जिच्या नावाच्या शेवटी डॉट मॉड्यूल डॉट सीएसएस आहे अशी कुठलीही फाईल आली, तर सापडली असं समज. तिच्यातलं कुठलंही नाव कुणी विचारलं, तर आहे असं समज, आणि ते स्ट्रिंग आहे असं समज.’ बस्स. नावात चांदणी टाकून अशी घाऊक घोषणा करायची सोय टाइपस्क्रिप्टमध्ये २०१६ साली, दोन पॉइंट झिरोमध्ये आली. म्हणजे मी वॉचमनला सांगून ठेवलं की ‘बी विंग’ म्हणणारा कुणीही आला तर सोड. आणि ‘कुलकर्णी इथेच राहतात का?’ विचारलं तर हो म्हण. ‘डिसूझा?’ हो. ‘चंगीझखान?’ हो साहेब, तिसरा मजला!

माझ्या बाजूने एवढंच सांगते, की हे पाप माझ्या एकटीचं नाही. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने नवीन प्रोजेक्ट काढलं की याच अर्थाच्या ओळी आयत्या मिळायच्या. आता व्हीटबरोबरही येतात. आमचं प्रोजेक्ट जुनं, वेबपॅक हाताने जुळवलेलं, म्हणून मला त्या हाताने चिकटवाव्या लागल्या. आधीच्या नोकरीत फ्लो होतं, तिथेही मी हेच केलं होतं. फ्लोच्या कॉन्फिगमध्ये ‘नेम मॅपर’ नावाची सोय आहे. सीएसएस दिसली की चेकरला एका खोट्या फाईलकडे वळवायचं, आणि त्या फाईलमध्ये लिहायचं, विचारशील ते नाव आहे. पुढे २०२१मध्ये फ्लोच्या टीमने जाहीर केलं की आम्ही आता मुख्यतः आपल्या कंपनीच्या गरजांकडेच बघणार. मी मधल्या काळात नोकरी बदलली, भाषा बदलली. सवय मात्र बरोबर घेऊन आले.

आठ महिने सगळं मस्त चाललं.

आमचं प्रोजेक्ट एका पॅथॉलॉजी लॅबच्या साखळीसाठी आहे. कुठली ते सोडा. काउंटरवरच्या स्क्रीनवर दिवसभरातल्या तपासण्यांची यादी येते. जो आकडा मर्यादेबाहेर तो लाल. छापील रिपोर्ट वेगळ्या सिस्टिममधून जातो, त्यामुळे त्यात गडबड होत नाही. पण काउंटरवरच्या बाई हे लाल आकडे बघूनच ठरवतात की आधी कुणाच्या डॉक्टरांना फोन करायचा.

आमच्याकडे एक नवीन मुलगा आलाय, लातूरचा. सगळे त्याला लातूरकरच म्हणतात, आता एचआरसुद्धा म्हणते. डिझायनरने सांगितलं की ‘डेंजर’ हे नाव डिलीटच्या बटणालाही आहे आणि रिपोर्टच्या आकड्यालाही आहे, घोळ होतो, रिपोर्टचं बदला. लातूरकरने सीएसएसमध्ये नाव बदललं. मग सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोधून शोधून पाच ठिकाणी बदललं. सहावं ठिकाण राहिलं, कारण बाकी सगळीकडे ती फाईल ‘स्टाइल्स’ या नावाने इम्पोर्ट केलेली आणि तिथे कुणीतरी नुसतं ‘एस’ लिहिलं होतं. तो ‘एस’ कुणाचा, ते विचारू नका.

सहावं ठिकाण म्हणजे काउंटरचा स्क्रीन.

वॉचमनला विचारलं, या फाईलमध्ये डेंजर राहतो का? वॉचमन म्हणाला, हो. बिल्ड हिरवा. टेस्टमध्ये तर त्याहून कमाल. जेस्टमध्ये सीएसएसच्या जागी एक बाहुलं उभं करतात, त्याला जे नाव विचाराल तेच नाव ते परत देतं. म्हणजे दुसरा वॉचमन पहिल्याचाच मेव्हणा! टेस्टही हिरव्या. कोड रिव्ह्यू मी केला. बदललेल्या ओळी बघितल्या, पाचही बरोबर होत्या. न बदललेली ओळ रिव्ह्यूत दिसतच नाही. ‘अप्रूव्ह्ड’ लिहून अंगठा टाकला. मंगळवारी सकाळी सगळं लाइव्ह गेलं.

गुरुवारी दुपारी एका सेंटरवरच्या बाईंचा फोन सपोर्टला आला. त्या तक्रार करत नव्हत्या. त्यांनी साधं विचारलं, ‘अहो, मंगळवारपासून सगळे पेशंट ठणठणीत झालेत का? एक पण लाल नाही.’

पाच मिनिटांत सापडलं. ब्राउझरमध्ये त्या आकड्यावर राइट क्लिक करून बघितलं, तर क्लासच्या जागी सरळ लिहिलेलं, ‘सेल अनडिफाइन्ड’. रिकामी वाटी. अर्ध्या तासात दुरुस्ती लाइव्ह गेली. पण मधल्या अडीच दिवसांत एका आजोबांच्या पोटॅशियमचा आकडा सकाळी साडेनऊला स्क्रीनवर आला होता, काळ्या अक्षरात, बाकीच्या आकड्यांसारखाच, आणि त्यांच्या डॉक्टरांना तो दुपारी चारला कळला, तोही त्यांनीच चौकशी केली म्हणून. आजोबा बरे आहेत. हे मी दोनदा फोन करून विचारून घेतलंय.

शुक्रवारी मीटिंग. मॅनेजर म्हणाले, ‘चेंज कुणाचा होता?’

लातूरकर म्हणाला, ‘माझा, सर.’

मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘सर्च नीट करायला हवं होतं. रिव्ह्यूत मी पण जरा जास्त बघायला हवं होतं.’ ऐकायला किती समजूतदार वाटतं ना? वाक्याचा पहिला अर्धा त्याच्यावर, दुसऱ्या अर्ध्यात माझी सभ्यता. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘मानवी चूक’. उपाय लिहिला गेला, ‘नावे बदलताना काळजी घेणे’. हे ‘काळजी घेणे’ कुठल्या कंपायलरमध्ये चालतं, देव जाणे.

रात्री झोप येईना. डोक्यात एकच. टाइपस्क्रिप्ट असताना हे झालंच कसं? नाव बदललं की जुनं नाव वापरणाऱ्या प्रत्येक ओळीवर लाल रेघ यायला हवी, त्यासाठीच तर बसवलंय ना ते! लॅपटॉप उघडला. शोधत शोधत त्या तीन ओळींपाशी आले. गिटमध्ये एक कमांड आहे, तिचं नावच मुळी ‘ब्लेम’. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते सांगते. तिने सांगितलं. माझं नाव, शुक्रवार, संध्याकाळी सात बारा. आणि वर मी लिहिलेला शेरा, ‘फिक्स टाइप एरर’. फिक्स!

शनिवारी घरी बसून त्या ओळी डिलीट केल्या. दोनशे चौदा एरर आल्या. चहा केला.

ज्यांच्याकडे हाच लोचा आहे त्यांच्यासाठी थोडं तपशिलात सांगते, बाकीच्यांनी चहा घ्या. वॉचमनला खरी यादी द्यायची, हाच उपाय. ती हाताने लिहायची नाही, आठवड्यात शिळी होते. ‘टाइप्ड सीएसएस मॉड्यूल्स’सारखं टूल प्रत्येक सीएसएस वाचून तिच्या शेजारी एक छोटी फाईल ठेवतं, आत फक्त खरी नावं. फ्लोसाठीही याच प्रकारचं टूल आहे. टाइपस्क्रिप्टने तर २०२३मध्ये, पाच पॉइंट झिरोत, अशा परक्या फाईलींच्या शेजारी त्यांची यादी ठेवायची अधिकृत पद्धतच दिली. तिथे दोनतीन खड्डे आहेत, त्या सगळ्यांत मी पडून आलेय.

पहिला खड्डा एडिटरच्या प्लगइनचा. एक प्लगइन टाकलं की एडिटरमध्ये चुकीच्या नावाखाली लगेच लाल रेघ येते, नावंही आपोआप सुचतात. वाटतं, जिंकलो! पण असली प्लगइन फक्त एडिटरमध्ये चालतात. बिल्डच्या वेळी कमांड लाइनवर जो चेकर धावतो, त्याला त्यांचा पत्ताच नसतो. म्हणजे तुमच्या खुर्चीवर लाल आणि सर्व्हरवर हिरवं. सोयीसाठी ठेवा, भरवसा नको.

दुसरा त्या जुन्या ओळींचाच. नव्या याद्या आल्या तरी चांदणीवाली घोषणा कुठे राहून गेली, तर ज्या फाईलची यादी बनायची राहिली तिच्यासाठी ती गुपचूप ‘हो’ म्हणत राहते. ती काढायलाच हवी. तिसरा किरकोळ आहे पण डोकं खातो. सीएसएसमध्ये नावात मधे डॅश टाकायची पद्धत, जावास्क्रिप्टमध्ये तसं नाव सरळ वापरता येत नाही, म्हणून बंडलर ते जोडून देतो. यादी बनवणाऱ्या टूलला तेच सांगितलं नाही तर दोघांची नावं जुळत नाहीत.

मधला मार्ग काढायचा प्रयत्नही मी केला, खोटं कशाला बोलू. टाइपस्क्रिप्टमध्ये एक कडक सेटिंग आहे. ते लावलं की ‘आहे’ऐवजी ‘असेल किंवा अनडिफाइन्ड’ असं उत्तर येतं. छान वाटलं. पण रिअ‍ॅक्टला क्लासच्या जागी अनडिफाइन्ड चालतं, आणि आम्ही तर नावं एका स्ट्रिंगमध्ये ओवत होतो, तिथेही चालतं. एकही रेघ आली नाही. वॉचमन आता ‘हो’च्या जागी ‘असतील बहुतेक’ म्हणायला लागला, गेट उघडंच.

याद्या बनल्यावर दोनशे चौदाच्या नऊ एरर उरल्या. पाच नावं मेलेली होती, त्यांना कधी रंगच दिलेला नव्हता. दोन डॅशची भानगड. आठवी एका हेडिंगची, त्याच्याखालची रेघ गेलेली. आणि नववी? ‘उपाशीपोटी’ असा एक पिवळा शिक्का होता, ज्यांची तपासणी उपाशीपोटी झाली त्यांच्या नावासमोर दिसणारा. तो दीड वर्षं पिवळा झालाच नव्हता. पांढऱ्यावर पांढरा. कुणी तक्रार केली नाही, कारण तो असायला हवा हेच कुणाला माहीत नव्हतं.

रविवारी रात्री बिल्डमध्ये क्रम लावला. आधी याद्या, मग चेकर, मग बाकी सगळं. मग मुद्दाम एका ठिकाणी जुनं ‘डेंजर’ लिहून बघितलं. बिल्ड अडला. लाल रेघ आली. मी तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. हसू नका.

सोमवारी लातूरकरला खाली टपरीवर नेलं. कटिंग मागवला आणि सगळं सांगितलं. त्या तीन ओळी, सात बारा, हेल्मेट. तो ऐकत होता, मान हलवत होता, बिस्किट बुडवत होता.

मग म्हणाला, ‘ताई, मी बघितलं होतं ते.’

‘कधी?’

‘गुरुवारीच. बग सापडल्यावर ब्लेम मारून बघितलं ना मी.’

‘मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?’

‘मला वाटलं, तुम्ही सांगाल.’

बिस्किट चहात पडलं. त्याने चमच्याने काढलं, खाल्लं, आणि विचारलं की चित्रांच्या फाईलींसाठी पण आपल्याकडे अशीच चांदणी आहे, ती पण काढायची का? मी म्हटलं, ती राहू दे. चित्राच्या फाईलीतून आपल्याला नुसता पत्ता हवा असतो, आतली नावं कुणी विचारत नाही. आणि फाईलच नसेल तर बंडलर स्वतः बोंबलतो. त्याला पटलं. मग म्हणाला, आपल्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये मात्र सीएसएससाठीचीच आहे, तिथलं कोण बघणार?

वर आल्यावर मी मेल लिहिला. ‘टू’मध्ये मॅनेजर, ‘सीसी’मध्ये लातूरकर आणि मीटिंगला असलेले सगळे. शुक्रवारच्या रिपोर्टमधलं कारण बदला, असं लिहिलं. खाली त्या तीन ओळी, तारीख आणि वेळ. सेंड दाबायला अकरा मिनिटं लागली. उत्तर अजून आलेलं नाही. दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये चांदणी काढल्यावर चारशे सहा एरर आल्यात, आणि लातूरकर म्हणतोय की या शुक्रवारी दोघांनीही उशिरा निघायचं.